फौजदारांची दुपारची झोप

तिने आजवर झोपवलेल्या माणसांत एक पैलवान होता, एक मुख्याध्यापक होते, जन्मात कधी गप्प न बसलेल्या एक वकीलबाई होत्या, आणि "मला झोपेच्या गोळीनेसुद्धा काही होत नाही" असं छातीठोकपणे सांगणारा एक कंत्राटदार होता. कंत्राटदार वाक्य पूर्ण व्हायच्या आतच घोरायला लागला होता.

ती भूलतज्ज्ञ होती. ऑपरेशनच्या टेबलाशी, पेशंटच्या उशाला उभी राहून मास्कच्या वरच्या डोळ्यांनी हसणारी, आणि "काही काळजी करू नका, मी इथेच आहे" असं म्हणणारी. लोक सर्जनला पेढे देतात आणि भूल देणारीचा चेहराही विसरतात, हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं. झोपवण्याच्या कामात आपला हात धरणारं कोणी नाही, एवढं समाधान तिला पुरत असे.

अशा बाईला स्वतःच्या पोटची चार महिन्यांची पोर दुपारी झोपवता येत नव्हती.

पोरीला घरात फौजदार म्हणत. जन्मली तेव्हापासून ती समोरच्या माणसाकडे अशी टक लावून बघे, की बघितलेल्या माणसाला आपण काल संध्याकाळी कुठे होतो ते आठवावंसं वाटे. बारशाला ठेवलेलं नाव कागदोपत्री होतं. त्या नावाने हाक मारायचं धाडस अजून कोणी केलं नव्हतं.

तर ही फौजदार झोपत नसे असं नाही. आईजवळ झोपत नसे. बाकी कोणाकडेही झोपे, आणि तेही उदार मनाने. तिचा नवरा शाळेत व्यायामशिक्षक होता. तो लेकीला खांद्यावर टाकी, "डावा-उजवा, डावा-उजवा" असं पुटपुटत बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत संचलन करी, आणि फ्रिजला वळसा घालून परत येईपर्यंत फौजदारांची मान पडलेली असे. सासरे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या तासाला मुलं झोपतात हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं. फक्त त्यांना नव्हतं. ते नातीला मांडीवर घेऊन कुठल्याशा जुन्या तहाची कलमं समजावून सांगत. मुख्य कलमं यायच्या आतच नात गाढ. "लक्ष देऊन ऐकते," बाबा सांगत, "आणि मग चिंतनात जाते."

वरच्या मजल्यावर नणंद राहायची. ताई शिवणाचे वर्ग घ्यायच्या. त्यांच्याकडे तर काही करावंच लागत नसे. शिलाई मशीन चालू, ताईंची जीभ चालू, दहाबारा बायका एकाच वेळी बोलतायत, आणि त्या गोंगाटात अस्तराच्या कापडांच्या शेजारी फौजदार हातपाय पसरून झोपलेली.

कडेलोट केला तो पाण्याच्या फिल्टरवाल्याने. "जरा धरता का, मी बादली आणते," म्हणून तिने पोर त्याच्याकडे दिली. बादली घेऊन आली तर फिल्टरवाला एका हातात पाना आणि दुसऱ्या हातावर झोपलेलं बाळ घेऊन पुतळ्यासारखा उभा. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, मी काही केलं नाही," तो कुजबुजला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तेच तर."

संध्याकाळी ही बातमी जिना चढून वर गेली. ताई पायरीवरूनच ओरडल्या, "काय गं डॉक्टरीणबाई, आता फिल्टर बसवायचं शिकून घे! पोर झोपेल तरी!"

तीही हसली. हसण्यासारखंच होतं. पण सोमवारी तिची रजा संपत होती. हाडांच्या सरांचा फोनही येऊन गेला होता. सर हाडांचे सर्जन; हातोडा-छिन्नीचं काम करणाऱ्या माणसाचा आवाज जसा असायचा तसाच त्यांचा होता, आणि फोनवर तो आणखी मोठा व्हायचा.

"सोमवारी येतेस ना? तुझ्या जागी जो मुलगा पाठवलाय, तो इतका हळू बोलतो की पेशंटच्या आधी मी झोपतो!"

"येते, सर."

"लेक काय म्हणते?"

"जागी आहे."

"वा! जागरूक आहे!" सर म्हणाले, आणि त्यांच्या त्या आवाजाने बाबांच्या मांडीवर चिंतनात गेलेली लेक खरोखरच जागरूक झाली.

रात्री भांडी विसळताना तिने नवऱ्याला सांगून टाकलं. "सोमवारच्या आत ती एकदा माझ्याजवळ झोपली पाहिजे. एकदाच."

"अगं, झोपेल की. काय घाई आहे?"

"घाई अशी आहे की सोमवारपासून तिच्या दुपारच्या झोपेला मी नसणार. नसले तर तिला काही फरक पडणार नाही."

"मग बरंच आहे ना?"

तिने त्याच्याकडे फौजदारासारखं बघितलं. व्यायामशिक्षक असला तरी काही गोष्टी त्याला लवकर कळत. तो गुपचूप ताटल्या पुसायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून तिने प्रकरण शास्त्रशुद्ध पद्धतीने हातात घेतलं. जेवणं उरकली की खोलीत अंधार. पडदे चिमट्यांनी बंद. खोली फार गार नाही, फार गरम नाही. पाळण्यातली चादर नीट. पेशंटचं पोट भरलेलं, ढेकर निघालेली, लंगोट कोरडा. मग ती लेकीला हातावर घेई आणि सवयीने म्हणे, "नमस्कार. मी तुमची भूलतज्ज्ञ. आता छान झोप लागणार आहे. काही काळजी करू नका, मी इथेच आहे."

फौजदार ही माहिती लक्षपूर्वक ऐकून घेई.

अंगाई तिला एकच येत होती आणि तीही अर्धी. उरलेल्या अर्ध्यात ती "हं हं हं" भरी. तरी गाडी बरोबर रुळावर येई. डोळे जड होत, उघडत, परत जड होत. मूठ सैल पडे. ओठ अर्धवट उघडे राहत. शेवटी पापण्या मिटत, आणि आता झालं, झालंच, असं वाटतं न वाटतं तोच फौजदार दचकून डोळे उघडी, आईकडे बघे, आणि तक्रार नोंदवायला घेई. हे रोज. एकदा नाही, दोनदा नाही, एकेका दुपारी चारचारदा. किनाऱ्याला आलेली नाव कोणीतरी पुन्हा आत ढकलावी तसं.

घरात कारणांचा सुकाळ होता. ताईंचं म्हणणं, "तुझ्या अंगाला हॉस्पिटलचा वास येतो." चार महिने हॉस्पिटलचं तोंड पाहिलेलं नाही, असं तिने सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "मुरलेला असेल." शिवणाच्या वर्गातल्या एका बाईने सुचवलं की आईला दुधाचा वास येतो म्हणून मूल झोपत नाही, दुसरी म्हणाली, दुधाचा वास येतो म्हणूनच झोपतं. त्यावर वर्गात दोन तट पडले आणि त्या दिवशी कोणाचीच बाही बसली नाही. नवऱ्याचा सिद्धांत सगळ्यात गोड होता. "तू तिला इंटरेस्टिंग वाटतेस गं. आमच्यात बघण्यासारखं काय आहे? आमच्याकडे बघून कोणालाही झोप येईल."

हे तिला आवडलं. पण आवडलं म्हणून पोर झोपत नव्हती.

खरं कारण सापडलं ते बाबांना, आणि तेही आयुष्यात एकदाच गप्प बसल्यामुळे. त्या दुपारी ते आपला चष्मा शोधत तिच्या खोलीत आले, तर आत अंधार आणि सुनेच्या हातावर नात डोळे मिटत आलेली. आता परत फिरलो तर चप्पल वाजेल, बोललो तर पंचाईत. म्हणून ते होते तिथे, कपाटाला टेकून उभे राहिले. त्यांनी सगळा प्रकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. पोर दचकून उठली आणि रडायला लागली, तसे ते घसा साफ करून पुढे आले.

"सूनबाई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचारा ना, बाबा."

"झोपलेल्या पोरीला तू उठवतेस कशाला?"

"मी?" ती थक्क झाली. "मी कुठे उठवते? आपली आपण उठते."

"छे. प्रत्यक्षदर्शी आहे मी." बाबांनी प्राध्यापकी थाटात उजवा हात वर केला, तर्जनी पुढे काढली आणि तिच्या टोकाने स्वतःच्या पापणीच्या केसांना हलकेच स्पर्श करून दाखवला. "तिचे डोळे मिटले की तू असं करतेस. मग ती उठते. मग तू म्हणतेस, का बरं उठली."

तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. हाताची तर्जनी अजून थोडी पुढेच होती.

भूल चढली की नाही हे बघायची एक साधी, जुनी पद्धत असते. पेशंटचे डोळे मिटले की बोटाने पापणीच्या केसांना अलगद स्पर्श करायचा. पापणी थरथरली, तर अजून थांबायचं. थरथरली नाही, तर पुढच्या कामाला लागायचं. ही गोष्ट तिने इतक्या वर्षांत इतक्या पापण्यांवर केली होती, की आता ती करतच नव्हती. तिचा हात करत होता. पैलवानाच्या पापणीवर केली होती, वकीलबाईंच्या पापणीवर केली होती. त्यांच्यापैकी कोणी उठून बसून रडलं नव्हतं, कारण त्यांच्या शिरेत तिने आधी औषध सोडलेलं होतं. लेकीच्या पोटात नुसतं दूध होतं.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. ती पलंगावर बसून हसली, लेक रडायची थांबून तिच्याकडे बघायला लागली, बाबाही हसले, आणि हसता हसता चष्मा त्यांच्या डोक्यावरच सापडला.

संध्याकाळी घरात उत्सव झाल्यासारखं वातावरण होतं. ताई तर खुर्चीतच मुरकुंडी वळून पडल्या. "म्हणजे चोर घरातच! आणि आम्ही वास हुंगत बसलो!"

"तू माझ्या पण पापण्या तपासतेस का गं?" नवऱ्याने विचारलं.

"तुला गरज नाही. तुझं घोरणं पुरावा म्हणून चालतं."

आता कारण कळलं, म्हणजे काम फत्ते, असं सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं. पण हात म्हणजे काही विद्यार्थी नव्हे की सांगितलं आणि ऐकलं. दुसऱ्या दुपारी पोरीचे डोळे मिटले, आणि तर्जनी निघालीच. अर्ध्या वाटेत तिने ती पकडली. पकडताना हलली, पोर उठली. मग तिने हात मांडीखाली दाबून ठेवला. तर चेहरा आपोआप खाली वाकला आणि गाल लेकीच्या नाकासमोर गेला, श्वास लागतोय का ते बघायला. गाल आवरला, तर डाव्या हाताची बोटं इवल्या पायाच्या घोट्याशी नाडी शोधायला लागली. तिच्या अंगात जणू एक अख्खं ऑपरेशन थिएटर भरलेलं होतं, आणि त्यातला एक माणूस बाहेर काढावा तर दुसरा आत येई.

नवऱ्याने यावर शाळेच्या क्रीडासाहित्यातून तोडगा आणला. गोलकीपरचे हातमोजे. प्रचंड, जाडजूड, हिरव्या-नारिंगी पट्ट्यांचे. "यातून तुला पापणी काय, उशीसुद्धा लागणार नाही," तो म्हणाला.

ते घालून ती पाळण्याशी बसली. फौजदारांनी मोजे पाहिले. डावा पाहिला, उजवा पाहिला. एवढ्या रंगीत गोष्टी जगात आहेत आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही, असा भाव चेहऱ्यावर आला, आणि दुपार संपेपर्यंत त्या दोन मोज्यांचा तपास चालू राहिला. त्या दिवशी झोप म्हणून डोळ्याला शिवली नाही. मोजे शाळेत परत गेले. फक्त अंगठ्याच्या टोकाला थोडे चोखलेले होते.

"हे बघ," नवरा त्या संध्याकाळी म्हणाला. ते दोघं गच्चीत वाळलेले लंगोट काढत होते. "डोळे मिटले की बाजूला व्हायचं. संपलं."

"आणि मग मी काय करायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. चहा पी. पेपर वाच. मी नाही का करत?"

ती हातात लंगोट धरून उभी राहिली. तो काही अवघड बोलला नव्हता. पण तिला खरंच कळत नव्हतं. बाकीच्यांचं काम माणूस झोपला की संपतं. तिचं तिथे सुरू होई. झोपलेल्या माणसाला सोडून जायचं नसतं, नजर हटवायची नसते, त्याचा प्रत्येक श्वास आपल्या खात्यावर असतो. सर्जन गप्पा मारतो, गाणी लावतो, क्रिकेटच्या धावा विचारतो. ती विचारत नाही. कोणीतरी एकाने तिथे जागं राहायचं असतं, आणि ते कोणीतरी म्हणजे ती होती. झोपलेल्या माणसाजवळ काहीच न करता नुसतं असणं तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

"तिचा श्वास तिचा ती घेते गं," नवरा हळूच म्हणाला. "तू घ्यायला लावत नाहीस."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, जरा चिडून. माहीत होतंच. पुस्तकात होतं. पण पुस्तक डोक्यात होतं आणि भीती हातात होती.

रविवार उजाडला. जेवणं झाल्यावर ताई खाली आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "चला, तुमच्या चष्म्याची काडी बदलून आणू."

"काडी चांगली आहे."

"बाबा, काडी मोडकी आहे," ताईंनी दोन्ही भुवया वर करून सांगितलं.

"हां, हां. मोडकी आहे," बाबा म्हणाले. "फारच मोडकी आहे." नवऱ्यालाही अचानक शाळेच्या मैदानावर चुना मारायचं आठवलं. रविवारी. तिघं इतक्या घाईने जिना उतरली की एकाची चप्पल बदलून दुसऱ्याच्या पायात गेली.

घरात ती आणि फौजदार.

तिने पडदे ओढले नाहीत. अंगाईचा अर्धा भागही म्हटला नाही. खोलीत नेऊन पाळण्याशी बसायचाच तिला कंटाळा आला होता. ती लेकीला खांद्यावर टाकून घरभर फिरली. स्वयंपाकघरात ओट्यावर निथळत ठेवलेली पातेली दाखवली. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा, कोणाचा तरी एकच निळा मोजा दाखवला. पोर कुरकुरत होती. डोळे चोळत होती, स्वतःचेच कान ओढत होती. शेवटी तिचेच पाय बोलायला लागले, तेव्हा ती बाबांच्या आरामखुर्चीत जाऊन रेलली. पोर तशीच छातीवर आडवी. डोकं आईच्या हनुवटीखाली, पोट पोटावर, एक मूठ आईच्या कॉलरमध्ये अडकलेली.

आणि मग एक विचित्र गोष्ट तिच्या लक्षात आली. तिला लेकीचे डोळे दिसत नव्हते.

तिने मान वाकवून पाहिली. हनुवटी मध्ये येत होती. नुसतं टाळूवरचं मऊ जावळ दिसलं, आणि कानाची पाळी. डोळे पलीकडे, खाली, छातीला लागून. हात लांबवावा तर एक हात पोरीच्या बुडाखाली अडकलेला आणि दुसरा तिच्या पाठीवर. काढला तर पोर घसरणार. समोरच्या बंद टीव्हीच्या काळ्या काचेत बघितलं. काचेत दोन डोक्यांचं एक जाडजूड जनावर खुर्चीत बसलेलं दिसलं. त्याला डोळे होते की नाही ते कळत नव्हतं.

पोर कुरकुरली. एकदा पाय झाडला. मग आणखी एकदा, हळू. मग नाही.

झोपली?

की नुसतीच पडून राहिली आहे? हे तिला सांगता येईना. आणि ते न कळणं तिला सहन होईना. तिच्या साऱ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. डोळे, काटे, पडद्यावरच्या हिरव्या रेघा, काही ना काही तरी नेहमी सांगत असे. इथे सांगायला कोणी नव्हतं. थोडं उठून आरशासमोर जाता आलं असतं. पोरीला हलकेच वळवून बघता आलं असतं. बोट शिवशिवायला लागलं. जिन्यात कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा पाडला, शिव्या घातल्या, उचलला. तिने श्वास रोखून धरला.

आणि श्वास रोखल्यावर तिला दुसरा श्वास कळला. तिच्या छातीवर, तिच्याच बरगड्यांवर, एक छोटंसं ओझं वर जात होतं आणि खाली येत होतं. वर, आणि खाली. मध्येच एक लांब सुस्कारा, मोठ्या माणसाने दिवसभराच्या कामानंतर टाकावा तसा. पुन्हा वर, पुन्हा खाली. याला तिचं काहीच लागत नव्हतं. ना औषध, ना नळी, ना तिची नजर. ती पहारा देत होती की नाही, याची त्याला दखलही नव्हती. ते आपलं चाललं होतं.

तिने अडकलेला श्वास सोडला. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा, कोणाच्या तरी उशाशी असताना, स्वतःचे डोळे मिटून घेतले.

झोप लागली नाही तिला. तेवढी काही ती सुधारली नव्हती. पण ती काही करतही नव्हती. नाक खाजत होतं, खाजू दिलं. फोन स्वयंपाकघरात वाजला, इतक्या मोठ्याने वाजत होता म्हणजे सरांचाच असणार, वाजू दिला. उन्हाचा तुकडा फरशीवरून सरकत तिच्या पायाच्या अंगठ्यावर आला आणि पुढे गेला. पोर झोपली आहे की नाही हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसताना बसून राहता येतं, हे तिला नव्याने कळत होतं.

कुलपात किल्ली फिरली. आधी बाबा आत आले, मग ताई, मग पँटवर चुन्याचा एक थेंबही नसलेला नवरा. तिघं दारातच थबकली, एकमेकांवर आदळली. खुर्चीत ती, आणि तिच्यावर ते गाठोडं.

तिने डोळे उघडले. मान न हलवता भुवयांनी विचारलं: झोपली आहे का? मला दिसत नाही.

नवरा चवड्यांवर चालत आला, खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसला आणि वाकून लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले आणि डोळे मिटून मान कलती केली. खात्री पटावी म्हणून बाबांनीही जाऊन बघितलं. त्यांना एवढ्या मोठ्या घटनेवर काहीतरी बोलावंसं वाटत होतं, ओठ हललेही; पण ताईंनी त्यांचा दंड असा चिमटला की ते वाक्य कायमचं इतिहासजमा झालं. ताईंनी स्वतः पदराने डोळे पुसले आणि खुणेने सांगितलं, धूळ आहे बाहेर, फार धूळ आहे.

तिचा चेहरा हळूहळू असा काही उजळला, की नवऱ्याने पटकन दुसरीकडे बघितलं.

"मी घेऊ का?" तो कुजबुजला. "तुझे हात दुखले असतील."

"नको."

"पाळण्यात ठेवतो ना."

"नको म्हटलं ना. पेशंट टेबलावर आहे."

तिघं स्वयंपाकघरात गेली आणि चहा करायला लागली. तीन प्रौढ माणसं आवाज न करता चहा करायला लागली, की किती आवाज होतो, ते तिने आनंदाने ऐकलं. झाकण पडलं. तिघांनी एकाच वेळी "श्श" केलं. ते झाकणाहून मोठं होतं.

पेशंटने शुद्धीवर यायची वेळ ही भूलतज्ज्ञाच्या खऱ्या परीक्षेची. तिथे हाका माराव्या लागतात. "डोळे उघडा. झालं सगळं. ऐकू येतंय का?" कोणी रडतं, कोणी सर्जनला आई म्हणतं, कोणी माझी पँट कुठे आहे विचारतं. पण हाक न मारता तिच्या हाताखाली आजवर एकही माणूस उठलं नव्हतं. सवयीने ओठ उघडले. तिने ते मिटून घेतले आणि वाट बघितली.

छातीवरचं ओझं चुळबुळलं. कॉलरमधली मूठ सुटली. मग जावळ वर आलं, त्यामागून कपाळ, आणि मग आईच्या गुंडीचा ठसा उमटलेला एक लालभडक गाल. फौजदारांनी हनुवटीच्या खालून वर बघितलं. नेहमीसारखीच टक लावून, संशयाने, कोण आहे, इथे काय करतेय. मग ओळख पटली. आणि बोळकं उघडून पोर अशी हसली, की लाळेची एक तार सरळ आईच्या गळ्यात उतरली.

"झाली झोप?" तिने विचारलं. "उठलात आपल्या आपण?"

मग ती थिएटरातल्या खणखणीत आवाजात ओरडली, "उठल्या! अहो, फौजदार उठल्या!" स्वयंपाकघरात एक कप फुटला, आणि तिघंही धावत आली, जणू पोर झोपेतून नव्हे, परदेशातून परत आली होती. बाबांनी अडवून धरलेलं वाक्य आता सुरू केलं. ते बरंच लांब होतं, आणि कोणी ऐकत नव्हतं.

"आता तरी घेऊ?" नवऱ्याने विचारलं.

"घे," ती म्हणाली आणि लेक त्याच्या हातात दिली. "आणि मलाही उठव. डावा पाय कमरेपासून बधिर झालाय, आणि आश्चर्य म्हणजे यात माझा काहीच हात नाही."